लेबल सॉफ्टवेअरचे मेनू: आधी कागद, मग मजकूर

हळद दळून, चाळून, पाकिटात भरून तयार असते आणि माल लेबलापायी अडून बसतो. वसमतकडचे हळदवाले, लातूर-उदगीरचे डाळमिलवाले, कुंथलगिरी भागातले खवा-पेढेवाले, गावोगावचे बचत गट, सगळ्यांकडे हल्ली छोटा बारकोड प्रिंटर आलेला दिसतो. तो चालवते मात्र हिशेब लिहिणारी किंवा पॅकिंग बघणारी व्यक्ती. प्रिंटर बसवायला आलेला माणूस एक लेबल करून देतो आणि निघून जातो. पुढच्या महिन्यात भाव बदलला, वजन बदललं, की त्या एका लेबलात खाडाखोड सुरू होते. हा लेख त्या व्यक्तीसाठी आहे.

बारटेंडर, नाइसलेबल, झेब्राडिझायनर, लिनक्सवर चालणारं मोफत जीलेबल्स, यांपैकी कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्याकडे असू शकेल. मेनूंची नावं थोडी इकडेतिकडे होतात. बारटेंडरमध्ये वस्तू, म्हणजे मजकूर, बारकोड किंवा चित्र, टाकायचा मेनू ‘क्रिएट’ नावाचा आहे, जीलेबल्समध्ये तेच ‘ऑब्जेक्ट्स’मध्ये सापडतं. काम मात्र सगळीकडे एकाच क्रमानं होतं: कागद, मग पडद्याची मांडणी, मग मजकूर, मग ओळीत लावणं, मग माहितीची जोडणी, आणि सगळ्यात शेवटी छपाई. नवखा माणूस हमखास मजकुरापासून सुरुवात करतो, आणि पुढचा बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो.

मेनू वाचायचा कसा

कुठल्याही आज्ञेवर क्लिक करण्याआधी मेनूतल्या खुणा ओळखा. आज्ञेच्या नावापुढे तीन टिंबं असतील तर क्लिक केल्यावर लगेच काही घडणार नाही, आधी एक चौकट उघडेल आणि तुम्हाला विचारेल. त्यामुळे तीन टिंबांच्या आज्ञा बिनधास्त उघडून बघा. आत ‘कॅन्सल’ असतंच. नावापुढे बाण असेल तर आत आणखी उपमेनू आहे. डावीकडे बरोबरची खूण असेल तर ती सोय सध्या चालू आहे; पुन्हा क्लिक केलं की बंद होते. आज्ञा फिकट राखाडी दिसत असेल तर सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. बहुतेक वेळा तुम्ही लेबलावरची कुठलीच वस्तू निवडलेली नसते. ‘अलाइन’ फिकट दिसतंय ना? दोन वस्तू निवडा, तो जिवंत होतो. काही वेळा मात्र ती सोय तुमच्या स्वस्त किंवा मोफत आवृत्तीतच नसते. डेटाबेसच्या, म्हणजे वेगळ्या तक्त्यातून माहिती आणणाऱ्या, आज्ञांबाबत हे वारंवार होतं, म्हणून सॉफ्टवेअर घेतानाच ते विचारून घ्या.

मेनूत उजव्या कडेला कीबोर्डची युक्ती लिहिलेली असते. सगळ्या पाठ करू नका. कंट्रोल आणि झेड म्हणजे मागे फिरणं, कंट्रोल आणि एस म्हणजे जतन, कंट्रोल आणि पी म्हणजे छपाई. या तीन बोटांत बसल्या की पुरे. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा कंट्रोल-एसची सवय सगळ्यात आधी लावा.

आणखी एक, वस्तूवर उजवं क्लिक केलं की जो छोटा मेनू येतो त्यात त्या वस्तूला लागू पडणाऱ्या आज्ञाच असतात. वरच्या पट्टीत शोधाशोध करण्यापेक्षा तो लवकर कामाला येतो. त्यातलं ‘प्रॉपर्टीज’ हे सगळ्यात जास्त लागणारं दार आहे.

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी पट्टी घ्या

स्टीलची पट्टी घेऊन रोलवरचं लेबल मोजा. रुंदी म्हणजे रोलच्या आडवं माप, उंची म्हणजे रोल ज्या दिशेनं सरकतो त्या दिशेचं माप. ही दोन मापं उलटी टाकली की अर्धा मजकूर एका लेबलावर आणि अर्धा दुसऱ्यावर छापला जातो. मग दोन लेबलांमधली फट मोजा, ती बहुधा २ ते ३ मिलिमीटर असते. रोलवर शेजारी शेजारी दोन किंवा तीन लेबलं असतील तर त्यांच्यामधली आडवी फटही मोजा आणि पाठीमागच्या कागदाची पूर्ण रुंदीसुद्धा. हे आकडे प्रिंटरच्या अंगावर चिकटवून ठेवा. रोल दुसऱ्या दुकानातून आणला की माप अर्ध्या मिलिमीटरनं बदलू शकतं.

कागदाचा प्रकारही आत्ताच तपासा. लेबलाच्या पृष्ठभागावर नखानं जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर तो डायरेक्ट थर्मल कागद आहे. त्याला रिबन, म्हणजे शाईची पट्टी, लागत नाही, उष्णतेनं कागदच काळा होतो. असा कागद आपल्याकडे उन्हाळ्यात धोक्याचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, टेम्पो मोंढ्यात उन्हात उभा राहतो, आणि लेबलं करडी पडतात किंवा अक्षरं पुसट होतात. दोन-चार दिवसांत विकल्या जाणाऱ्या मालाला तो चालेल, पण वर्षभर टिकणाऱ्या हळदीला किंवा डाळीला रिबनवर छापलेलंच लेबल हवं. साध्या कागदाला मेणाची रिबन चालते. प्लॅस्टिक फिल्मच्या लेबलावर मेणाची छपाई बोटानं पुसली जाते, तिथे रेझिनची रिबन घ्या. मसाल्याच्या पाकिटांना तेलकट हात लागतात, त्यासाठी मेण-रेझिन मिश्र रिबन परवडते आणि टिकते.

फाइल मेनू: न्यू आणि पेज सेटअप

‘फाइल’मध्ये ‘न्यू’ घेतलं की सॉफ्टवेअर बहुधा पहिला प्रश्न प्रिंटरचा विचारतं. इथे घाई करून समोर दिसेल तो प्रिंटर निवडू नका. ऑफिसातला कागदी प्रिंटर किंवा पीडीएफ निवडला गेला तर सॉफ्टवेअर त्याच्या हिशेबानं समास आणि बिंदू धरतं, आणि नंतर बारकोड प्रिंटर निवडताच सगळी मांडणी हलते. प्रिंटर निवडायच्या यादीत तुमच्या यंत्राचं नाव नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला तो प्रिंटर ओळखू देणारा प्रोग्राम, बसलेला नाही, तेव्हा आधी तो बसवा.

मग ‘पेज सेटअप’ किंवा ‘लेबल सेटअप’. मोजून ठेवलेले आकडे इथे भरा. एकक इंचात असेल तर ‘टूल्स’ किंवा ‘ऑप्शन्स’मधून मिलिमीटर करा. इंचाचे दशांश डोक्यात करत बसू नका. एका रांगेत दोन लेबलं असलेला रोल असेल तर पान म्हणजे पूर्ण रोलची रुंदी, आणि त्यात दोन स्तंभ, मधली आडवी फट, दोन्ही कडांचा समास असं सांगायचं. पुष्कळ जण अशा वेळी एका मोठ्या लेबलावर तोच मजकूर दोनदा टाकतात. पहिल्या दिवशी ते चालतं. क्रमांक टाकायची वेळ आली की दोन्ही बाजूला सारखाच क्रमांक येतो आणि तो सुटत नाही.

ए-फोर कागदावरच्या तयार लेबल-शीटवर छापणार असाल, तर जीलेबल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये शीटचे साचे यादीतच असतात. बाजारातल्या शीटच्या पाकिटावर एका पानावर किती लेबलं आणि त्यांची मापं लिहिलेली असतात, ती साच्याशी जुळवून पाहा. लेझर प्रिंटरमध्ये अर्धी वापरलेली शीट पुन्हा घालू नका. उरलेला गोंद ड्रमला चिकटला तर दुरुस्ती महागात जाते.

इथेच फाइल एकदा जतन करा. नाव असं द्या की सहा महिन्यांनीही कळेल: ‘हळद-पावडर-७५बाय५०-मूळ’. ‘न्यू१’, ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’ अशा नावांनी जुनी किंमत छापली जाते.

व्ह्यू मेनू

इथे थोडंच काम आहे. ‘रुलर’ आणि ‘ग्रिड’ चालू करा, वस्तू जाळीच्या रेघांवर आपोआप बसवणारं ‘स्नॅप टू ग्रिड’ही चालू करा आणि जाळी १ मिलिमीटरची ठेवा. ‘झूम’मध्ये लेबल पूर्ण दिसेल अशी आज्ञा असते, ती वापरा. पडद्यावर लेबल तळहाताएवढं दिसतं म्हणून अक्षरं मोठी वाटतात. छापून हातात आलं की वाचता येत नाही. ‘टूलबार’ गायब झाली असेल तर तीही इथूनच परत येते.

मजकूर टाकण्याआधी यादी

लेबलावर काय असलं पाहिजे ते कायद्यानं ठरलेलं आहे, तेव्हा ते आधी वहीत लिहा. पॅकबंद मालासाठी वैध मापनशास्त्राचे २०११ चे नियम आहेत: उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, आणि तक्रारीसाठी ग्राहकानं कुणाशी संपर्क करायचा ते. त्यात आता प्रति एकक किंमतही आली. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर प्रति ग्रॅम लिहायची. २०० ग्रॅम हळदीची किंमत ६० रुपये असेल तर प्रति ग्रॅम ०.३० रुपये. खाण्याच्या मालाला याशिवाय एफएसएसएआयचे, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, लेबलिंगचे २०२० चे नियम लागू होतात: १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आणि त्यांचं चिन्ह, घटक, बॅच क्रमांक, वापराची मुदत, आणि शाकाहाराची खूण.

तीन गोष्टी मी आग्रहानं सांगतो, कारण यावरून माल परत आल्याची उदाहरणं आमच्या भागात ऐकायला मिळतात.

पहिली भाषेची. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी तिच्या जोडीला हवी तेवढी टाका. नुसत्या मराठीवर भागत नाही. माझं मत विचाराल तर नाव आणि ओळख मराठीत मोठ्या अक्षरात, आणि कायद्याचा मजकूर इंग्रजीत बारीक, ही विभागणी आपल्या मालाला शोभते. वसमतच्या हळदीचं नाव मराठीत छापलेलं पाहून गिऱ्हाईक थांबतं, तसं इंग्रजी नावापाशी थांबत नाही.

दुसरी अंकांची. वजन, किंमत, तारीख यांचे अंक देवनागरीत चालत नाहीत, आंतरराष्ट्रीय अंक वापरा. ग्रॅमचं चिन्ह इंग्रजी छोटं ‘जी’ एवढंच आहे. ‘जीएम’ किंवा ‘जीएमएस’ लिहायची सवय जुनी आहे, ती सोडा.

तिसरी रंगाची. शाकाहाराची खूण हिरवीच हवी: हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. तुमचा प्रिंटर एका वेळी एकाच रंगात छापतो, काळी रिबन असेल तर काळ्यात. ‘पिक्चर’ आज्ञेनं खूण टाकली तरी ती काळीच येणार. म्हणून कोरी लेबलं बनवून घेतानाच हिरवी खूण, तुमचं नाव आणि न बदलणारी सजावट रंगीत छापून घ्या, आणि रोजच्या छपाईला फक्त बदलणारा मजकूर ठेवा. रोल थोडा महाग पडतो, पण दुसरा सरळ मार्ग नाही.

क्रिएट किंवा इन्सर्ट: अक्षर

‘टेक्स्ट’मध्ये बहुधा दोन प्रकार असतात, एक ओळ आणि परिच्छेदाची चौकट. पत्त्यासाठी चौकट घ्या, म्हणजे ओळ कडेपाशी आपोआप तुटते. किंमत, वजन, बॅच यांसाठी एक ओळ घ्या.

मराठी मजकुरासाठी युनिकोड फाँट निवडा. विंडोजमध्ये निर्मला तयारच असतो. गावातल्या डीटीपीवाल्याकडून मजकूर आणला तर तो पुष्कळदा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात असतो. तो चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. तो मजकूर नव्यानं युनिकोडमध्ये टाइप करा किंवा रूपांतर करून घ्या. जुन्या आवृत्तीच्या लेबल सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. तसं झालं तर मराठी नाव चित्र म्हणून टाकणं हा उपाय आहे. फाँटच्या यादीत प्रिंटरचे स्वतःचे फाँटही दिसतात. ते वेगानं छापतात, पण त्यात सहसा देवनागरी नसते.

अक्षराचा आकार फार बारीक ठेवू नका. २०३ डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात २०३ बिंदू छापणाऱ्या, प्रिंटरवर एक मिलिमीटरमध्ये ८ च बिंदू बसतात. इतक्यात अनुस्वार, रफार आणि उकार एकमेकांत मिसळतात. मराठीला ८ पॉइंटच्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. रुपयाचं चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं, त्यामुळे त्याआधीच्या फाँटात ते नाही आणि त्या जागी रिकामी चौकट छापली जाते. फाँट बदला किंवा सरळ ‘रु.’चं इंग्रजी रूप लिहा.

क्रिएट किंवा इन्सर्ट: बारकोड

इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण दुकानात बारकोड वाचला गेला नाही तर दुकानदार माल ठेवत नाही.

दुकानात, मॉलमध्ये विकायच्या मालाला ईएएन-१३ हा १३ अंकी बारकोड लागतो. त्याचा क्रमांक मनानं बनवायचा नसतो. तो जीएस-वन इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घ्यावा लागतो, आणि त्यांनी दिलेले क्रमांक ८९० नं सुरू होतात. तुमच्या गोदामापुरती खूण हवी असेल तर कोड १२८ घ्या. त्यात अक्षरं आणि अंक दोन्ही बसतात आणि क्रमांकही तुमचाच.

‘बारकोड’ आज्ञा घेऊन लेबलावर क्लिक केलं की नमुन्याचा बारकोड येतो. प्रॉपर्टीजमध्ये प्रकार बदला आणि क्रमांक भरा. १२ अंक दिलेत तर तेरावा तपास-अंक सॉफ्टवेअर स्वतः काढतं. तुम्हाला मिळालेल्या क्रमांकाशी तो जुळत नसेल तर बारापैकी एखादा अंक चुकलाय.

आता माप. कोपरा धरून बारकोड ओढून लहान करायचा मोह आवरा. ईएएन-१३ चं मूळ माप ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर आहे आणि ते ८० ते २०० टक्क्यांमध्येच ठेवता येतं. मूळ मापात सगळ्यात बारीक रेघ ०.३३ मिलिमीटरची असते. पण प्रिंटर अर्धा बिंदू छापू शकत नाही. २०३ डीपीआयमध्ये एक बिंदू ०.१२५ मिलिमीटरचा, म्हणजे रेघ एक तर दोन बिंदूंची, ०.२५ मिलिमीटर, किंवा तीन बिंदूंची, ०.३७५ मिलिमीटर. दोन बिंदू घेतले तर माप ८० टक्क्यांच्या खाली जातं. म्हणून तीन बिंदू. मग दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसकट बारकोड सुमारे ४२.४ मिलिमीटर रुंद होतो. ३८ मिलिमीटरच्या लेबलावर तो बसणार नाही, ५० च्या लेबलावर बसेल. ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर चार बिंदूंची रेघ घेतली तर रुंदी सुमारे ३८.३ मिलिमीटर होते. प्रिंटर आणि लेबलाचं माप ठरवण्याआधी हा हिशेब करा. रोल आणल्यावर केला तर उपयोग नाही.

बारकोडच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एक्स डायमेन्शन’ (सगळ्यात बारीक रेघेची रुंदी) किंवा बिंदूंची संख्या भरायची जागा असते, रुंदी तिथूनच ठरवा. दोन्ही बाजूंची कोरी जागा, डावीकडे ११ बारीक रेघांएवढी आणि उजवीकडे ७, मोकळी सोडा. तिथे चौकटीची रेघ आली किंवा अक्षर घुसलं की स्कॅनर अडतो. सुंदर दिसावं म्हणून बारकोडाभोवती चौकट काढणारे पुष्कळ असतात. काढू नका. उंची थोडी कमी केली तर एक वेळ चालतं.

बारकोड आडवा-उभा फिरवायचा झाला तर ‘अरेंज’मधलं ‘रोटेट’ वापरा. उभ्या रेघा रोलच्या सरकण्याच्या दिशेला समांतर असल्या की छपाई सर्वांत स्वच्छ येते. फिरवून त्या आडव्या झाल्या तर छपाईचा वेग कमी करावा लागतो.

अरेंज मेनू: माऊस सोडा

माऊसनं ओढून वस्तू ओळीत लावणं हे डोळ्यांना बरोबर वाटतं, पण कागदावर तिरकं दिसतं. शिफ्ट धरून दोन-तीन वस्तू निवडा आणि ‘अलाइन लेफ्ट’ द्या. कोणत्या वस्तूला प्रमाण मानून बाकीच्या हलतात हे सॉफ्टवेअरनुसार बदलतं. उलटं झालं तर कंट्रोल-झेड आणि निवडायचा क्रम बदलून पुन्हा. उभं अंतर समान करायला ‘डिस्ट्रिब्यूट’ किंवा ‘स्पेसिंग’ आहे. चित्राखाली अक्षर दडलं तर चित्राला ‘सेंड टू बॅक’.

मांडणी मनासारखी झाली की सगळ्या न बदलणाऱ्या वस्तू निवडून ‘लॉक’ करा. पॅकिंगच्या घाईत कुणाच्या तरी हातून परवाना क्रमांक दोन मिलिमीटर सरकतो आणि अर्धा कापला जाऊन छापला जातो, कळतं ते पाकिटं सील झाल्यावर. लॉक असला की तसं होत नाही. ही आज्ञा सगळ्यात कमी वापरली जाते आणि ती सगळ्यात जास्त वापरली जावी असं मला मनापासून वाटतं.

माहिती वेगळी, लेबल वेगळं

लातूरच्या एखाद्या डाळमिलचा विचार करा. तूर, मूग, उडीद, हरभरा अशा चार डाळी, आणि अर्धा, एक, पाच किलो अशी तीन पाकिटं. बारा लेबल फाइली केल्या तर पत्ता बदलला की बाराही उघडाव्या लागतात आणि एखादी राहतेच. त्याऐवजी एकच लेबल फाइल आणि एक्सेलमध्ये बारा ओळींचा तक्ता करा. स्तंभ असे: डाळीचं नाव, वजन, किंमत, प्रति एकक किंमत, बारकोड.

तक्ता करताना बारकोडचा स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ प्रकारचा करा आणि मगच आकडे भरा. नाहीतर एक्सेल १३ अंकी क्रमांक छोट्या वैज्ञानिक रूपात दाखवतं, आणि तो तसाच सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्ता-फाइलीत, जतन झाला तर शेवटचे अंक कायमचे जातात. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही अशीच गायब होतात. मराठी नावं असतील तर जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

मग सॉफ्टवेअरमध्ये ‘डेटाबेस कनेक्शन’ किंवा जीलेबल्समध्ये ‘मर्ज प्रॉपर्टीज’ ही आज्ञा घ्या, तक्त्याची फाइल दाखवा, पहिली ओळ शीर्षकांची आहे असं सांगा. त्यानंतर लेबलावरच्या किंमतीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, माहितीचा स्रोत, आणि तिथे ‘किंमत’ स्तंभ. असं एकेका वस्तूला जोडत जा. पुढे भाव बदलला की फक्त तक्त्यात बदलायचा, लेबलाला हात लावायचाच नाही.

बॅच आणि पॅकिंगची तारीख तक्त्यात ठेवू नका, ती रोज बदलते. त्यासाठी छपाईच्या वेळी विचारणारी चौकट लावता येते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिला ‘प्रॉम्प्ट’ किंवा ‘फॉर्म’ म्हणतात. तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घ्यायची सोयही असते आणि तीत ‘इतके दिवस पुढे’ असा हिशेब लावून वापराची मुदत आपोआप काढता येते. पेढ्यासारख्या थोडे दिवस टिकणाऱ्या मालाला हे फार सोयीचं. पण दोन ठिकाणी सांभाळा. जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपली असेल तर लाइट जाऊन आल्यावर घड्याळ भलतंच वर्ष दाखवतं. आणि उद्याच्या पॅकिंगची लेबलं आज रात्री छापली तर त्यावर आजची तारीख पडते. म्हणून मी प्रॉम्प्टच सुचवतो: तारीख माणसानं टाकावी, मुदत सॉफ्टवेअरनं काढावी.

छपाई

‘प्रिंट प्रिव्ह्यू’ बघा आणि तक्त्याची पहिली, मधली आणि शेवटची ओळ तपासा. सगळ्यात लांब नावाची ओळही बघा, ‘हरभरा डाळ’ बसते तिथे ‘उडीद डाळ, साल काढलेली’ चौकटीबाहेर जाऊ शकते.

‘प्रिंट’च्या चौकटीत आकड्याच्या जागा दोन असतात आणि त्यांचा घोळ सगळीकडे होतो. ‘कॉपीज’ म्हणजे हुबेहूब सारख्या प्रती. ‘सिरियल’ किंवा ‘सीक्वेन्स’ म्हणजे दर लेबलाला पुढचा क्रमांक. अनुक्रमांक हवे असताना कॉपीजमध्ये १०० टाकलं तर एकच क्रमांक शंभर वेळा येतो. तिसरी जागा ओळी निवडण्याची. ती ‘ऑल’वर राहिली आणि प्रतींत २०० टाकलं तर बारा ओळींच्या तक्त्यातून २४०० लेबलं सुटतील. त्यामुळे आधी एक ओळ निवडा, एक प्रत काढा.

जास्त सुटलीच तर प्रिंटरचं बटण बंद करून भागत नाही, चालू केल्यावर उरलेली पुन्हा सुरू होतात. प्रिंटरवर ‘पॉज’ दाबा, मग कॉम्प्युटरवर प्रिंटरची रांग उघडून काम रद्द करा.

छपाई फिकट असेल तर ‘डार्कनेस’ एकेक पायरीनं वाढवा, एकदम टोकाला नेऊ नका. फार गडद केलं की बारकोडच्या रेघा फुगतात आणि मधल्या फटी बुजतात. वेग कमी केल्यानंही छपाई भरते, आणि बऱ्याचदा तोच बरा उपाय असतो. छापलेला बारकोड दुकानातल्या स्कॅनरनं तपासून घ्या. मोबाइलचा कॅमेरा खराब बारकोडही वाचतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

काही दोष मेनूत शोधून सापडणार नाहीत. लेबल दर वेळी थोडं थोडं वर किंवा खाली सरकत असेल, तर प्रिंटरच्या सेन्सरला फट ओळखता येत नाहीये. प्रिंटरच्या मार्गदर्शिकेत दिल्याप्रमाणे फीड बटण दाबून ‘कॅलिब्रेशन’ करा, आणि ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये कागदाचा प्रकार फटीचा आहे की काळ्या पट्टीचा ते तपासा. छपाईत कागद सरकण्याच्या दिशेनं सतत एक पांढरी रेघ येत असेल तर प्रिंटहेडवर, म्हणजे प्रिंटरच्या छापणाऱ्या भागावर, धूळ किंवा डाळीचा भुसा बसलाय. प्रिंटर बंद करून थंड होऊ द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ कापडानं पुसा. ब्लेड किंवा नख लावू नका. दळणाच्या खोलीत प्रिंटर ठेवूच नये, भिंतीपलीकडे ठेवला तरी हेड पुष्कळ जास्त टिकतं.

दिवसाअखेर फाइल बंद करताना सॉफ्टवेअर जतन करू का असं विचारतं. अनुक्रमांक वापरत असाल तर ‘हो’ म्हणा. शेवटचा क्रमांक फाइलीतच लिहिलेला असतो. ‘नाही’ म्हटलं तर उद्या तेच क्रमांक पुन्हा छापले जातात. लेबल फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायची असेल तर सोबत तक्ता, चित्रं आणि वापरलेले फाँटही न्या, आणि तिथे सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी नाही ना ते आधी बघा, कारण नव्या आवृत्तीतली फाइल जुनीत उघडत नाही. तिथे गेल्यावर ‘डेटाबेस कनेक्शन’ पुन्हा उघडून तक्त्याचा नवा पत्ता द्या आणि एक लेबल छापून जुन्या लेबलावर ठेवून, उजेडाकडे धरून जुळवा.